पेटी हुंगायचे गुरुवार

अण्णा, तुमच्या शोकसभेत उदबत्त्या लावल्या होत्या. एक-दोन नाही, अख्खा पुडा, मोगऱ्याचा. स्टेजवर तुमचा फोटो, फोटोपुढे हार घातलेली एक पेटी आणि त्या पेटीच्याच डोक्यावर उदबत्तीचं घर. राख सरळ पट्ट्यांवर पडत होती. तुम्ही असता तर उठून आधी त्या विझवल्या असत्यात आणि मग स्वतःची श्रद्धांजली ऐकायला खाली बसला असतात. मी उठले नाही. पहिल्या रांगेत बसवलं की माणसाचे पाय जड होतात.

मागे फ्लेक्स होता. 'दैवी घ्राणशक्तीचे धनी इरण्णा'. तुमच्या दुकानात ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशा एका वक्त्यांनी सांगितलं की, तुम्ही सुरांना सुगंध दिलात. 'सुगंध' हा शब्द अकरा वर्षांत तुमच्या तोंडून मी ऐकला नाही. तुम्ही 'वास' म्हणायचात. कातड्याचा वास, सरसाचा वास, माणसाचा वास. चौघे बोलले, चौघांनी तुमच्या नाकाची आरती केली. मग माझं नाव पुकारलं. मी दोन मिनिटं काहीतरी बोलले, टाळ्या झाल्या (हल्ली शोकसभेतही होतात) आणि मी खाली आले.

जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. ते असं की, शेवटची चार वर्षं तुम्हाला कसलाही वास येत नव्हता. आणि त्या चार वर्षांत तुमच्या हातून एक जुनी पेटी बिघडली, अण्णांचा हात गेला, असं जे मोहोळपासून सोलापूरपर्यंत बोललं गेलं, ती पेटी तुम्ही बिघडवली नाहीत. मी बिघडवली. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आता सांगते आहे, म्हणजे सोयीस्कर वेळ साधली म्हणायची.

साखर पेठेतल्या तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती आईची पेटी घेऊन. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि घरातल्या वस्तूंची वर्गवारी करण्यापलीकडे उद्योग उरला नव्हता. मला सूर कळत नाही. पेटी दुरुस्त करून विकावी, एवढाच हेतू होता. तुम्ही ती उघडली नाहीत, एक पट्टीही दाबून पाहिली नाहीत. दोन्ही हातांनी उचलून भात्याशी नाक नेलंत आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, झालं, आता हा माणूस भविष्य सांगणार.

"स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून हुती," तुम्ही म्हणालात. "फोडणीचं तेल बसलंय आत. उंदीर येऊन गेला, पर राहिला न्हाय. आन..." परत हुंगलंत. "आई मिश्री लावायच्या?"

"आमची आई मुख्याध्यापिका होती," मी म्हणाले.

"असतील की ओ. मी शाळेचं कुटं इचारलं?"

मग तुम्ही मला दाखवलंत. भाता डाव्या हाताने हलवायचा. मिश्रीचा जळका वास भात्याच्या कडेला, जिथे डाव्या हाताची बोटं टेकतात तिथेच होता. पट्ट्यांवर नव्हता. "डाव्या हातानं लावायच्या," तुम्ही म्हणालात, "उजवा हात खडूला ठेवला आसंल."

मी चिडून घरी आले आणि मावशीला फोन लावला. मावशी बराच वेळ हसत राहिली. "चाळीस वर्षं," ती म्हणाली, "न्हाणीघरात, दाराला कडी घालून. तुझ्या बापाला पत्ता नव्हता." आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पन्नास वर्षं तिच्यासोबत राहून मला जे कळलं नाही, ते एका अनोळखी माणसाने भात्याच्या कडेवरून उचललं होतं. पेटी विकायचा विचार त्या दिवशी मागे पडला. ती अजून माझ्या खोलीत आहे. मला वाजवता येत नाही, पण तिची डावी कड मला ठाऊक आहे.

तरीही माझा विश्वास बसला असं नाही. एकदा बरोबर येणं हा पुरावा नसतो. ज्योतिषीही कधीकधी बरोबर येतात. म्हणून पुढच्या गुरुवारी मी तुमच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि दुकानातल्या तीन पेट्या एकेक करून पुढे धरल्या. तुम्ही तिन्ही ओळखल्यात. कुणाची, किती वर्षांची, कोणत्या गावाहून आलेली. चौथ्यांदा मी पिशवीतून ग्रंथालयाचं एक जुनं चामडी बांधणीचं पुस्तक काढून तुमच्या नाकाशी नेलं. तुम्ही हसलात.

"ही पेटी न्हाय अक्का. पुस्तक हाय."

"बरोबर."

"आन कुणी वाचलेलं न्हाय."

ते खरंच कुणी नेलेलं नव्हतं. मागच्या कागदावर एकही शिक्का नव्हता. तीस वर्षं ते माझ्या ताब्यात होतं. त्यानंतर मी परीक्षा घेणं बंद केलं आणि गुरुवारी दुपारी येऊन नुसतं बसायला लागले. तुमच्या सुनेने मला चहा द्यायला सुरुवात केली, म्हणजे मी कायमची झाले.

तुम्ही जुन्याला 'हळेदु' म्हणायचात आणि नव्याला 'होसदु'. घरातलं कानडी वासापुरतं दुकानात यायचं, हिशोब आणि भांडण मराठीत. नव्या पेटीचा वास तुम्ही मला पहिला शिकवलात, कारण तो सोपा. स्पिरिटमध्ये कालवलेली लाख, रेक्झिनचा भाता, भुसा, पांढरा गोंद. सगळे एकदम बोलतात, शाळा सुटल्यासारखे. मग तबल्याची नवी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं. तिला बकऱ्याचा वास येतो, स्पष्ट, लाज न बाळगता. "आणि जुन्या तबल्याला?" मी विचारलं होतं. तुम्ही एक जुना तबला पुढे सरकवलात. त्याला माणसाचा वास येत होता. शाईच्या काळ्या गोलावर लोखंडाचा थंडपणा, कडेला पावडर, आणि त्याखाली तळहात. एकाच माणसाचा तळहात, वीस-पंचवीस वर्षांचा. बकरा कुठल्या कुठे गेला होता. हे कसं होतं, कुठल्या दिवशी होतं, हे मी तुम्हाला विचारलं. तुम्हाला सांगता आलं नाही. त्यामुळे मला तुमच्याबद्दल जास्त विश्वास वाटला.

करमाळ्याहून एकदा तंबोरा आला होता, आठवतो का? भोपळ्याला केसाएवढी चीर गेलेली. तुम्ही ती बुजवायच्या आधी मला बोलावलंत आणि चिरेशी नाक लावायला सांगितलंत. आतली हवा भोपळा बंद झाला तेव्हापासून तिथेच होती. मला सुकलेल्या वेलाचा, तापलेल्या मातीचा वास आला, आणि शेवटी काहीतरी गोडसर, बियांसारखं. माझ्या जन्माआधीच्या कुठल्यातरी उन्हाळ्यातलं शेत. हे वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं असतं. पण मी ते हुंगलं आहे. चीर बुजवल्यावर तुम्ही म्हणालात, "आता पुढच्याला ऱ्हाऊ दे थोडं."

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. माझं म्हणणं असायचं, जुन्या वाद्याच्या वासाचं एवढं कौतुक कशाला? शेवटी तो घाम, तेल, बुरशी आणि उंदीर.

"व्हय की," तुम्ही म्हणायचात.

"मग त्यात पवित्र काय?"

"मी पवित्र कवा म्हटलं? तुमीच म्हणताय." मग भात्याच्या घडीत बोट घालत, "घाम, तेल, बुरशी. माणूस तरी अजून काय असतो ओ अक्का?"

यावर मी विषय बदलायची. एकदा नातीचा प्लॅस्टिकचा कीबोर्ड बिघडला म्हणून मी तो जरा शरमतच आणला. मला वाटलं तुम्ही हात लावणार नाही. तुम्ही तोही नाकाशी नेलात, तितकाच वेळ. "खोबरेल," म्हणालात. "आन त्या पुडीतल्या कुरकुरीत खाऊचा मसाला. पोरगी रोज बसतीया." आणि तो बाजूला ठेवताना, "हा बी म्हातारा हुईल. तुमी बगा." जुन्याचा तोरा माझ्याकडे होता. तुम्हाला फक्त कुणी हात लावलाय का, एवढंच बघायचं असायचं. नुसत्या शोकेसमध्ये राहिलेल्या पेटीला मात्र तुम्ही लगेच परत ठेवायचात. "हिला काय बोलायचंच न्हाय."

मग कोरोना आला आणि गेला. तुम्ही आठ दिवस तापात होतात, बरे झालात, दुकान उघडलंत. मी दोन महिन्यांनी आले. आधीसारखंच सगळं चाललं होतं. गिऱ्हाईक पेटी आणायचं, तुम्ही ती उचलून नाकाशी नेऊन डोळे मिटायचात. फक्त नंतर बोलत काही नव्हतात. "ठेवून जावा, बगतो," एवढंच. मला वाटलं, वयाने शहाणे झालात.

त्या दुपारी लाकूड चिकटवायचा सरस शेगडीवर होता. तुम्ही शेगडीला पाठ करून, तिच्यापासून दोन हातांवर, पट्ट्या घासत बसला होतात. जनावरांच्या हाडाकातड्याचा तो सरस नुसता तापला तरी दुकानाबाहेर उभं राहवत नाही. मी चौकातून वळतानाच मला तो करपल्याचा वास आला. आत येऊन बघते तर डब्यातून काळा धूर आणि तुम्ही शांत.

"अण्णा, सरस जळला!"

तुम्ही वळून धूर बघितलात. वास न येता धूर बघणाऱ्या माणसाचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"दार लोटून घ्या," तुम्ही म्हणालात. मी लोटलं. "नाक गेलंय ओ, अक्का. तवापासनं. डॉक्टर म्हणला येईल, आलं न्हाय. पोराला म्हाईत न्हाय. सुनेला न्हाय. गिऱ्हाईकाला तर..." तुम्ही डबा शेगडीवरून उतरवलात. मग हळू आवाजात, "ते हुंगतो ना मी, ते नाटक हाय."

सात वर्षं मी तुमच्या हुंगण्याला नाटक समजायचा प्रयत्न करत होते. आणि ते खरोखर नाटक झालं तेव्हा मला कळलंच नव्हतं.

तुम्ही मला काम दिलंत ते विचारून नव्हे. एक पेटी माझ्यापुढे सरकवलीत. "तुमी हुंगा. मला सांगा."

शिकवणं कडक होतं. गुरुवारी कांदा नाही. डोक्याला तेल नाही, पावडर नाही. आधी श्वास पूर्ण सोडायचा, रिकाम्या नाकाने वाद्याजवळ जायचं. "पहिला वास आपलाच असतो, तो सोडून द्यायचा. दुसरा घ्यायचा." दोन वाद्यांच्या मध्ये नाक शांत करायला तुम्ही साबणाशिवाय धुतलेली, उन्हात वाळवलेली चादरीची एक घडी ठेवली होती, तिच्यात तोंड खुपसायचं. सदुसष्टाव्या वर्षी मी चादरीत तोंड खुपसून बसलेली असताना एकदा कॉलेजची एक जुनी विद्यार्थिनी दुकानात आली. तिला मी सर्दी झाली म्हणून सांगितलं.

आणि नावं. मी म्हणायची, जुनाट वास येतोय. तुम्ही म्हणायचात, "जुनाट म्हंजे काय? ट्रंकेतला, का देवळातला, का ओल्या भिंतीचा?" मी सांगायची. तुम्ही दुसऱ्यांदा विचारायचात, "नक्की?" मी परत हुंगायची. कधी उत्तर बदलायचं. त्यावरून तुम्ही सांगायचात, सुराच्या पितळी पट्टीला गंज आहे, पट्ट्यांखालच्या बनातीत कसर लागली आहे, भात्याच्या आतून ओल आली आहे. आणि उघडल्यावर तसंच निघायचं. न बघता, न हुंगता, माझ्या चार ओबडधोबड शब्दांवरून. ग्रंथालयात मी आयुष्यभर लोकांना पुस्तकं शोधून दिली, पण कुणी माझ्या वर्णनावरून न उघडलेलं पुस्तक वाचून दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. तो चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं असतं तर तुम्हीच मला दुकानाबाहेर काढलं असतं. तरी घरी जाताना रिक्षात मी ते चार शब्द परत परत म्हणून बघायची.

मग दत्तोबांची पेटी आली.

मोहोळजवळच्या एका गावातल्या भजनी मंडळाची. दत्तोबांच्या वडिलांच्या काळातली, साध्या कापडात बांधलेली, वरून चांगली पुसून आणलेली. दत्तोबा ठेवून गेले. मी भात्याशी नाक नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"कुजलंय," मी म्हणाले. "कातडं कुजलंय."

"नक्की? आंबट का कुजका?"

"कुजका."

"अक्का, नीट बगा. आंबट आन कुजका लांब नसतोय. चादर घ्या आन परत बगा."

त्या दिवशी मी दोन वाद्यं आधीच बरोबर सांगितली होती. मला स्वतःच्या नाकाचा ताठा आला होता. "अण्णा, कुजका वास मला कळतो," मी म्हणाले. चादर घेतली नाही. परत हुंगलं नाही.

तुम्ही जुना भाता कातरून काढलात आणि नवं कातडं चढवलंत. पेटी न्यायला दत्तोबा आले, तेव्हा चहा घेताना सहज म्हणाले, "देवळात जागा न्हाय ओ. पेटीवरच पखवाज ठेवतो आमी. ते पोरं कणीक काढत न्हाईत त्याची, तशीच वाळती."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. भजन झालं की खरवडून काढायची. ती काढली नव्हती. पखवाज पेटीवर आडवा, कणीक उन्हाळ्यात आंबलेली, तिचं पाणी भात्याच्या घडीत उतरलेलं. तो वास आंबट होता. कातडं चांगलं होतं. मी कप हातात धरून बसले. तुम्ही पेटी कापडात बांधत होता. तुम्ही ऐकलंत का, ऐकून तुम्हाला कळलं का, हे मला तुमच्या पाठीवरून समजलं नाही. आणि मी बोलले नाही.

महिन्याभराने निरोप येऊ लागले. पेटीचा वारा बिघडला. जुना भाता एका दमात अख्खं कडवं पेलायचा, नवा मधेच धापा टाकतो. हातात बसत नाही. मग लोकांनीच पुढचं वाक्य जोडलं: अण्णांचा हात गेला. साठ वर्षांच्या हाताबद्दल ते बोलत होते. तुमच्या कानावर आलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणू दे की." मी तेव्हाही बोलले नाही. सांगायचं म्हणजे तुमच्या नाकाचं सांगावं लागेल, असं मी स्वतःला पटवलं. माझ्या नाकाचं सांगावं लागलं असतं, ते खरं.

त्याच सुमारास तुम्ही 'नक्की?' असं विचारणं बंद केलंत. मी सांगायची, तुम्ही मान हलवायचात, मग त्या कातड्यावरून, लाकडावरून बोटं फिरवत बराच वेळ बसायचात. ते फिरवणं मला एक सवय वाटली. आणि दुसऱ्यांदा न विचारणं ही मला माझी बढती वाटली. अण्णांचा माझ्यावर आता पुरा विश्वास बसला, असं मी मनात धरून चालले. शोकसभा होऊन गेली तरी.

शोकसभेहून आल्यावर मी आधी तुमच्या शिवानंदला सांगितलं. घरच्या माणसाच्या आधी बाहेर सांगणं बरं नव्हे. चिंचोळीच्या कारखान्यातून तो दमून आला होता. तुमचा मुलगा तुमच्यासारखाच, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणून जेवताना आधी मला विचारायचे, भाजी कशी झालीय. मी सांगितलं की मग त्यांनी तेच माझ्या बायकोला सांगायचं." थोड्या वेळाने, "चार वर्षं. मला बोलले न्हाईत." मी सांगितलं की हे मला लिहायचं आहे. "लिहा," तो म्हणाला. "फ्लेक्सपेक्षा बरं."

मग मी एसटीने मोहोळला गेले आणि तिथून रिक्षाने दत्तोबांच्या गावी. दत्तोबा देवळाच्या ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "अण्णांकडं बसायच्या त्या बाई न्हव का तुमी?" मी सांगून टाकलं. तुमचं नाक, माझं नाक, कणीक, भाता, सगळं. वाटेत तयार केलेली वाक्यं आठवली नाहीत, ते बरंच झालं.

दत्तोबा माझ्या नाकाकडे बघत होते.

"मंजी त्या येळंला नाक तुमचं हुतं?"

"हो."

"आन अण्णांनी त्याच्यावर भाता कातरला?"

"हो."

"लई धाडशी माणूस," दत्तोबा म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक आहे, मला नव्हतं. पेटी नेल्यानंतर दोन महिन्यांनी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही एसटीने त्यांच्याकडे गेला होता. एकटे.

"हितंच बसले हुते," दत्तोबा म्हणाले. "म्हणले, दत्तोबा, तुज्या पखवाजाची कणीक कानावर आली, मग मी टाकाया ठेवल्यालं कातडं परत काढून बोटानं बघितलं. मऊ हुतं. लोण्यासारकं. कुजल्यालं असं नसतंय. म्हणले, माजं नाक मेलंय, तरी तुज्या पेटीला हात लावला. चूक माजी. जुना भाता बसवून दिला असता, पर मीच कातरून बसलो."

"आणि माझं?"

"तुमचं काय? म्हणले, अंदाजानं केलं, अंदाज चुकला. आन शपथ घातली. माज्या पोराला बी म्हाईत न्हाय, तुला सांगतोय, कारण पेटी तुजी हाय. कुणाला बोलू नगंस." दत्तोबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "मी गप ऱ्हायलो. लोकं म्हणायची हात गेला. वाईट वाटायचं. पर तोंड उघडलं तर नाकाचं बोलावं लागलं असतं की."

शपथ तुम्ही दत्तोबांना घातली होती, मला नाही. म्हणून मी हे लिहू शकते.

मग त्यांनी आतून पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. "आलाय तर बगा की. काय म्हणतीया." मी हुंगली. काय वास आला ते सांगते, पण आधी दुसरं.

परतीच्या एसटीत मी दिवस मोजले. नागपंचमीचा दुसरा दिवस. त्याच आठवड्याच्या गुरुवारी अक्कलकोटहून एक सारंगी आली होती. तुम्ही ती माझ्यापुढे ठेवलीत. मी म्हणाले, ओल्या गोधडीचा वास येतोय. तुम्ही 'नक्की?' विचारलं नाहीत. पहिल्यांदा त्याच दिवशी विचारलं नाहीत. मान हलवलीत आणि बोटं फिरवत बसलात.

तुम्ही बोटांनी बघत होता. त्या दिवसापासून शेवटपर्यंत, प्रत्येक वाद्य. सत्तरी उलटल्यावर तुम्ही नाकाचं काम बोटांना शिकवलंत, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला कळू दिलं नाही. 'नक्की?' विचारलं असतं तर मी विचारलं असतं, का हो, मागे चुकलं का काही? म्हणून तो शब्दच सोडून दिलात. आणि त्याला मी बढती समजले.

पण मग एक गोष्ट उरते, अण्णा, आणि ती मला एसटीत बसल्या जागी अवघड करून गेली. निदान बोटं करत होती. माझ्या नाकाची गरज नव्हती. तरी दर गुरुवारी, दोन वर्षांहून जास्त, तुम्ही माझ्यापुढे वाद्य सरकवायचात आणि म्हणायचात, सांगा. मी सांगायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मी थांबले की म्हणायचात, "अजून?" मी म्हणायची, थोडा कापूर आहे, कडेला. "अजून?" मला वाटायचं, माझी परीक्षा चालली आहे. तुम्हाला ते वास हवे होते. दुसरा रस्ता नव्हता त्यांना तुमच्यापर्यंत यायला.

तर दत्तोबांची पेटी सांगते. घाई न करता सांगते. दुपारी कांदा खाल्ला नव्हता, ओट्यावर चादर नव्हती म्हणून पदरात तोंड खुपसलं आणि श्वास सोडून जवळ गेले.

वरती शेंगदाण्याचं तेल आहे, दिव्याचं नाही, हाताचं. जेवून आलेल्या माणसांच्या हाताचं. मग बुक्का. पट्ट्यांच्या फटीत गव्हाच्या पिठाची धूळ, कोरडी. पखवाज आता दुसरीकडे ठेवतात. त्याच्याखाली तुमचं कातडं. तीन वर्षं होत आली त्याला. बकऱ्याचा वास अजून आहे, पण आता तो दाराशी नाही, आतल्या खोलीत आहे. डाव्या कडेला दत्तोबांचा हात बसायला लागलाय: तंबाखू, माती, आणि बैलाच्या कासऱ्याचा तो दोरखंडी वास. पितळ थंड आहे, गंज नाही.

आणि अगदी आत, भात्याच्या शेवटच्या घडीत, अजून एक वास आहे. गवताजवळचा, पण गवत नाही. गोडाजवळचा, पण गोड नाही. मी तीनदा गेले त्याच्याकडे. त्याला मला नाव देता आलं नाही, अण्णा. आणि मी दिलं नाही.